विलिस पिकअपचा टी-९० गिअरबॉक्स: उघडणे, दुरुस्त करणे आणि पुढची सुधारणा

विलिस या अमेरिकी कंपनीने १९४७ ते १९६५ या काळात बनवलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये सहसा टी-९० हा तीन स्पीडचा गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला जोडलेला डेना-१८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) सापडतो. महिंद्राने परवान्यावर बनवलेल्या सीजे-३बी जीपमध्येही टी-९०च होता. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या जीप मिस्त्रींचा यावर हात बसलेला असतो आणि सुटे भागही अजून मिळतात. भाग घेताना मात्र फक्त नावावर जाऊ नका, जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा.

पान्हा लावण्याआधी गाडी चालवून रोग ओळखा. थर्ड गिअर सरळ आहे, इंजिनाची ताकद काउंटर शाफ्टवर (खालच्या समांतर शाफ्टवर) न जाता थेट मागे जाते. म्हणून फर्स्ट-सेकंडमध्ये घरघर आणि थर्डमध्ये शांत असेल, तर संशय क्लस्टर गिअरच्या, म्हणजे काउंटर शाफ्टवरच्या अखंड गिअर-जुडग्याच्या, निडलवर (सुईसारख्या बारीक रोलरवर) घ्या. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा पुन्हा क्लस्टर. उतारावर पाय उचलला की सेकंड गिअर उडतो, ही टी-९०ची सर्वांत ओळखीची तक्रार. बरेच जण यावर सेकंडचा गिअर बदलतात आणि महिन्याभरात परत येतात, कारण बहुतेक वेळा दोष गिअरच्या दातात नसून झीज झालेल्या सिंक्रोच्या (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणाऱ्या भागाच्या) बाहीत, ती सरकवणाऱ्या फोर्कमध्ये, गिअर जागेवर धरणाऱ्या वरच्या झाकणातल्या ढिल्या पॉपेट स्प्रिंगमध्ये किंवा शाफ्टच्या मोकळ्या चालीत असतो. फर्स्टला सिंक्रो मुळातच नाही, चालत्या गाडीत तो कचकचला तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

दोन्ही हौसिंगचं तेल काढा. वरचं झाकण गिअर लिव्हरसकट उचला. शिफ्ट रॉडखालचे बॉल आणि स्प्रिंग उडू नयेत म्हणून रॉड सोडताना भोकावर चिंधी धरा. ट्रान्सफर केसचं मागचं झाकण उघडलं की मेन शाफ्टच्या टोकाला स्प्लिट पिन लावलेला कॅसल नट (खाचांचा नट) दिसेल. तो काढून त्यामागचा गिअर ओढून घ्या. त्याचे दात मोजून लिहून ठेवा, २६ आणि २९ दातांचे दोन्ही गिअर सापडतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आता ट्रान्सफर केस वेगळं करायचं, पण त्याआधी तारेचा एक तुकडा घ्या. मेन शाफ्टवर सेकंड गिअरच्या लगेच मागे फेरा घाला, दोन्ही टोकं वरच्या झाकणाच्या पुढच्या दोन बोल्टच्या भोकांत बोल्ट घालून ताणून बांधा. एवढं केलं नाही तर ट्रान्सफर केसबरोबर शाफ्टही मागे सरकतो आणि सिंक्रोच्या पट्ट्या, स्प्रिंग, रिंगा डब्याच्या तळाशी पडतात. मग त्या चिमट्याने वेचत बसा.

काउंटर शाफ्ट काढायला डमी, म्हणजे तात्पुरता नकली शाफ्ट लागतो. लेथवाल्याकडून क्लस्टर आणि दोन्हीकडचे वॉशर यांच्या एकूण लांबीचा, मूळ शाफ्टपेक्षा केसभर बारीक तुकडा कापून घ्या. मागची लॉक प्लेट काढा, समोरून डमी ठोकत मूळ शाफ्ट मागे बाहेर काढा आणि क्लस्टर तळाशी बसू द्या. मग मेन शाफ्टचा जुडगा मागच्या भोकातून निघतो. सगळ्यात शेवटी क्लस्टर आणि रिव्हर्सचा आयडलर (दिशा उलटवणारा मधला गिअर).

सगळे भाग डिझेलमध्ये धुवा. काउंटर शाफ्टवर नख आडवं फिरवा, जिथे निडल फिरतात तिथे नखाला खाच लागली की शाफ्ट बाद. घासून गुळगुळीत करू नका, वरचा कडक थर गेला की तो आठवड्यात खाल्ला जातो. पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या उतारावर बोटाने दाबून फिरवा. ती चिकटली पाहिजे. घसरत असेल किंवा रिंगेची कड गिअरला टेकत असेल तर नवी टाका. बेअरिंग, ऑइल सील, गॅस्केट आणि निडल यांची काटकसर नको. क्रँकच्या टोकातला, इनपुट शाफ्टचं टोक धरणारा पायलट बुशही बघा. तो ढिला असेल तर इनपुट शाफ्ट डोलतो आणि नवं बेअरिंगही त्याला वाचवू शकत नाही.

क्लस्टरमध्ये ८८ निडल असतात, चार ओळींत प्रत्येकी २२. आधी मधली नळी, मग डमी शाफ्ट आत, मग प्रत्येक ओळीच्या कडांना वॉशर ठेवत ग्रीस लावून निडल एकेक बसवा. ग्रीस मऊ हवं, जाड ग्रीसमध्ये निडल तिरपी उभी राहते आणि कळतही नाही. ओळ पूर्ण झाल्यावर आणखी एका निडलला जागा दिसली, तर काही तरी चुकलंय, पुन्हा मोजा.

सगळं बसवण्याआधी नुसता क्लस्टर खऱ्या शाफ्टवर लावून त्याची पुढे-मागे चाल फीलर गेजने मोजा. ती ०.०१२ ते ०.०१८ इंच, म्हणजे साधारण ०.३० ते ०.४६ मिलिमीटर हवी. समोर मोठा पितळी वॉशर, त्याचा कान डब्याच्या खाचेत. मागे पितळी वॉशर गिअरकडे आणि पोलादी वॉशर डब्याकडे. चाल जास्त आली तर मागचा पोलादी वॉशर जाड घ्या, तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो. माप बरोबर आलं की क्लस्टर पुन्हा डमीवर तळाशी सोडा, मेन शाफ्ट बसवा, मग क्लस्टर उचलून मागून खरा शाफ्ट आत घाला. तो जाईल तशी डमी समोरून बाहेर पडेल. रिव्हर्स आयडलर मात्र क्लस्टरच्या आधीच घालायचा, नंतर तो जात नाही.

मागच्या कॅसल नटवर नवा स्प्लिट पिन लावा. हा नट ढिला राहिला तर गिअर स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर) मागे-पुढे करतो आणि स्प्लाइनच खातो. हा दोष पुष्कळदा ‘ट्रान्सफर केसचा आवाज’ म्हणून चुकीच्या ठिकाणी शोधला जातो.

तेल एसएई ९० जाडीचं, जीएल-४ दर्जाचं. गिअरबॉक्समध्ये ३ पिंट म्हणजे सुमारे १.४ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये सव्वातीन पिंट, सुमारे १.५ लिटर. जीएल-५ घालू नका, त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधतात. काही दिवसांनी एकाचं तेल कमी आणि दुसऱ्याचं वर आलेलं दिसलं, तर मधला सील गळतोय.

आता सुधारणेचा प्रश्न. चार सिलिंडरच्या पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ रेशो असतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. ७.००-१६ टायरवर ताशी ७० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,६०० फेऱ्यांवर ओरडतं. चार स्पीडचा टी-९८ या ट्रकना पर्याय म्हणून मिळायचा; त्याचा फर्स्ट ६.४ चा आहे, चिखलात आणि ओझ्यासकट चढणीला उत्तम, पण टॉप पुन्हा सरळच, म्हणजे हायवेवर फरक शून्य. शिवाय तो लांब आहे, प्रोपेलर शाफ्ट दोन्हीकडचे बदलावे लागतात. हायवेचा त्रास असेल तर ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडात बसणारा वॉर्न बनावटीचा ओव्हरड्राइव्ह शोधा. तो फेऱ्या सुमारे चौथाईने उतरवतो, म्हणजे २,६०० चे १,९५०. त्याचा गिअर तुमच्या २६ किंवा २९ दातांच्या हिशोबाचा आहे का, ते पैसे देण्याआधी तपासा.

पहिल्या फेरीत ओझं नको. प्रत्येक गिअरमध्ये थोडं चालवून परत या, थंड झाल्यावर तेलाची पातळी बघा, आणि १०० किलोमीटरनंतर ते तेल काढून पांढऱ्या कापडावर ओता. पितळेची बारीक चकाकी चालेल. पोलादाचे कण दिसले तर झाकण पुन्हा उघडावं लागेल.