सिथियन सोन्याचा पेला नीट बघायचा कसा

सिथियन म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले प्राचीन भटके घोडेस्वार. त्यांच्या सोन्याचे फोटो बघताना आपण काय सुंदर काम आहे म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो, पण या पेल्यांवर अख्खी गोष्ट असते, फक्त ती शोधायची सवय लागते. सुरुवात कुल-ओबाच्या पेल्यापासून करा. 1830 मध्ये क्रिमियात केर्चजवळच्या एका थडग्यात सापडला, इ.स.पू. चौथ्या शतकातला, आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे, उंची जेमतेम 13 सेंमी.

आधी एकच फोटो बघून थांबू नका. पेला गोल आहे, चित्रं सगळीकडून फिरतात, त्यामुळे चारही बाजूंचे फोटो शोधा आणि माणसं मोजा, सात भरतील. दोघं बोलतायत, एकजण धनुष्य पायात अडकवून वाकवतोय आणि दोरी चढवतोय, एकाच्या तोंडात दुसऱ्याने बोटं घातलीयत आणि त्या बिचाऱ्याने दुखतंय म्हणून त्याचा हात धरलाय, एकाच्या पायाला पट्टी बांधली जातेय. दाढ्या, टोकदार टोप्या, नक्षीच्या विजारी झूम करून बघाच, बनवणारा कारागीर बहुधा ग्रीक पण कपडे पक्के सिथियन.

मग प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या इतिहासाचं चौथं पुस्तक उघडा, सिथियनांबद्दल तिथे आहे. त्यात ग्रीक पुराणातल्या वीर हेराक्लिसची गोष्ट आहे, तो तीन मुलांसाठी धनुष्य आणि सोन्याचा पेला लटकवलेला कमरपट्टा ठेवून जातो, जो धनुष्य वाकवेल त्याचं राज्य. जमतं फक्त धाकट्याला, सिथिसला. काही अभ्यासक म्हणतात की दात आणि पाय दुखावलेले ते दोघं हरलेले थोरले भाऊ, वाकवताना धनुष्य उसळून लागलं. मला हे मनापासून पटतं, कारण दोरी चढवणारा शेजारीच बसलाय ना.

पेल्याचा मान किती होता तेही तिथेच कळतं. वर्षातून एकदा प्रांताचा प्रमुख मोठ्या भांड्यात वाईन मिसळायचा, ज्याने शत्रू मारलाय तोच प्यायचा, ज्याने मारला नाही तो बाजूला बसायचा आणि त्यांच्यात याहून मोठा अपमान नव्हता, खूप मारलेल्यांना दोन-दोन पेले. शपथ घेताना वाईनमध्ये स्वतःचं रक्त टाकून त्यात तलवार, बाण, कुऱ्हाड आणि भाला बुडवायचे, मग प्यायचे. (आपल्याकडे नाशिक-जुन्नर भागात राज्य केलेले शक क्षत्रप याच लोकांचे दूरचे भाऊबंद.)

एवढं झालं की युक्रेनमधल्या गायमानोव्हा मोगिला या सिथियन थडग्याच्या टेकाडातला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला घ्या, त्यावरही योद्धे बसलेत, हीच पद्धत लावा आणि कोणाच्या हातात काय आहे इथून सुरू करा.