एसटीपी चालू, तरी नदी काळी? या चुका टाळा

पुण्याच्या मुळा-मुठा नदीचा विषय निघाला की आधी क्षमतेचा आकडा तोंडावर फेकला जातो. जायका या जपानी संस्थेच्या अर्थसाहाय्याच्या, २०१६ साली मंजूर झालेल्या प्रकल्पात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं (एसटीपी), ३९६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. आकडा बरोबर आहे, पण ती टाक्यांची क्षमता झाली. नाला परस्पर नदीत पडत असेल, तर मैलापाणी केंद्रापर्यंत येणार कसं? शहराला जेवढं पाणी पुरवलं जातं, त्याचं साधारण ८० टक्के मैलापाणी होतं असं धरतात. हा हिशेब केंद्रात येणारं पाणी मोजणाऱ्या इनलेटच्या मीटरशी ताडून पाहा. मोठी तफावत दिसली, तर नवी टाकी मागण्याआधी तुटलेली वाहिनी आणि बंद पडलेलं पंपिंग स्टेशन शोधा.

तपासणीसाठी पाण्याचा नमुना दुपारी सोयीने भरून घेणं ही दुसरी चूक. सकाळी अख्खं शहर एकदम आंघोळीला लागतं, तेव्हाचा लोंढा त्या बाटलीत येतच नाही. २४ तासांचा एकत्र नमुना घ्या. शिवाय आपल्याकडची बीओडी चाचणी (पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्याचं माप) २७ अंशांवर ३ दिवस चालते. तिच्या भरवशावर रोजचं केंद्र चालवणं अशक्य आहे.

रोज करायची चाचणी सोपी आहे. एरेशन टँकमधलं, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून घाण पचवून घेणाऱ्या टाकीतलं, पाणी १ लिटरच्या मोजपात्रात ३० मिनिटं न हलवता ठेवा. घन पदार्थ लिटरला ३ ग्रॅम असताना गाळ (म्हणजे जिवाणूंचाच साका) ३०० मिलीपर्यंत बसला, तर उत्तम. ८००-९०० मिलीवरच अडकला, तर दोनपैकी एक झालंय. तंतुमय जिवाणू माजून गाळ फुगलाय किंवा टाकीत गाळ जास्त झालाय. हे ओळखायला त्याच पाण्यात तेवढंच शुद्ध केलेलं पाणी मिसळून पुन्हा पाहा. आता झटकन बसला, तर गाळ जास्त. क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे पुढच्या निवळणीच्या टाकीत, गाळाचे गोळे बुडबुड्यांसह वर येत असतील, तर गाळ तळाशी फार वेळ पडून राहतोय, गाळ एरेशन टँकमध्ये परत नेणारा पंप वाढवा. पांढरा साबणासारखा फेस बहुधा कोवळ्या गाळाचा, तपकिरी तेलकट साय म्हाताऱ्या गाळाची.

आणि म्हाताऱ्या गाळाचं कारण बहुतेकदा एकच: तो काढलाच जात नाही. गाळातलं पाणी काढणारं सेंट्रिफ्यूज बंद, वाळवण्याचे वाफे ओले, उचलणाऱ्याचं बिल थकलेलं. मग गाळ टाकीतच साठतो आणि एखाद्या लोंढ्यात काठावरून थेट नदीत जातो. कागदावर मात्र केंद्र ‘सुरळीत’. माझ्या मते कुठल्याही केंद्राची परीक्षा गाळाच्या वजनाच्या नोंदवहीवरून घ्यावी. वही कोरी असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

वीजबिल वाचवायला टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवू नका. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. अमोनिया पचवणारे जिवाणू मुळात सावकाश वाढणारे, आणि १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. तो तुम्ही दिला नाही, तर अमोनिया नदीत जाऊन माशांच्या वाटचा ओढून घेतो. वरून क्लोरीन ओतूनही भागत नाही. ते अमोनियाशी संयोग पावून मवाळ पडतं.

राहिली जलपर्णी. दर उन्हाळ्यात ती उपसायची आणि काठावरच ढीग लावायचे. कुजून तेच खत परत पाण्यात. जिवाणूंच्या गाळावर चालणाऱ्या या साध्या सक्रिय गाळ पद्धतीत फॉस्फरस (जलपर्णीचं खत) फारसा निघत नाही, म्हणून बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत खाली आला तरी जलपर्णीचं पोट भरलेलंच. उन्हाळ्यात खडकवासला धरणाखाली मुठेत स्वतःचं पाणी जवळपास नसतं. जे वाहतं त्यात बहुतांश शहराने सोडलेलं असतं, आणि ते पुढे भीमेतून उजनी धरणात जातं. सोलापूर तिथलं पाणी पितं. तेव्हा मासिक अहवालात बीओडीशेजारी अमोनिया आणि फॉस्फरस हे दोन रकाने मागून घ्या, आणि ते भरले जातात का तेही पाहा.