गरम गाडी परत सुरू होत नाही? या चुका टाळा

सकाळी एका किकेत सुरू होणारी मोटरसायकल पंपावर पेट्रोल भरून झाल्यावर, म्हापशाच्या बाजारातून पिशव्या घेऊन परतल्यावर, नाहीतर रायबंदरहून चोडणला फेरीबोटीतून उतरताना अडून बसते. सुरू झालीच तर धक्क्याचा चढ चढायच्या आत पुन्हा बंद. अर्ध्या तासाने मात्र काहीच झालं नसल्यासारखी पळते. गोव्यात ही तक्रार सारखी येते, कारण आपलं फिरणंच तुकड्यातुकड्यांचं आहे. पिवळ्या मडगार्डच्या पायलटांचा, म्हणजे मोटरसायकलवरून भाडं नेणाऱ्यांचा तर दिवसभराचा धंदाच तसा: भाडं सोडलं, थांबले, परत किक.

चालत्या गाडीला वारा लागतो. गाडी थांबली की वारा थांबतो, पण सिलिंडरची धग तिथेच राहते आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज वाढवणारी), वायरिंग सगळ्यांना तापवत सुटते. त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वात वाईट. नेमकी फेरीबोटीत जातात तेवढी.

गॅरेजात येणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. रस्त्यात गाडी बंद पडते, माणूस सावलीत बसतो, गाडी थंड होते, सुरू होते, आणि मग तो ती दाखवायला आणतो. थंड गाडीत मी काय बघू? दोष गरम असतानाच पकडावा लागतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो, "बाब, लांबून चक्कर मारून थेट इथे ये, दारात बंद कर आणि किल्ली माझ्या हातात दे." काहींना याचा राग येतो. त्यांना लगेच नवा प्लग, नवी कॉइल टाकून हवी असते. पार्ट बदलत बसण्याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

टॅपेटचा आवाज बंद करून घेणं

ही चूक मला सर्वात जास्त छळते. वरून टिकटिक येते, मालकाला ती खपत नाही, आणि मिस्त्री दोन मिनिटांत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला वरून दाबणारा स्क्रू, आवळून देतो. गाडी शिवणयंत्रासारखी गोड चालते, मालक खूश.

व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची उघडझाप करणारी झडप. इंजिन तापलं की तिची दांडी लांबते. म्हणूनच थंड इंजिनात टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. लहान गाड्यांत ती साधारण 0.05 ते 0.10 मिलिमीटर असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघावा. ही फट खाऊन टाकली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गळतं आणि गाडी सुरू होत नाही. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकणंच बंद झालं तर त्याची कड जळते, आणि मग हेड (सिलिंडरचा वरचा भाग) उतरवण्याचा खर्च येतो.

पेडण्याकडचा एक पायलट अशीच गाडी घेऊन आला होता. पहिलं भाडं नीट, दुसऱ्याला गाडी रस्त्यात. तोवर प्लग, कॉइल, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) आणि कार्ब्युरेटरचं किट असं सगळं बदलून झालं होतं. रोजची कमाई गाडीत ओतत होता बिचारा. मी गरम गाडीला हाताने किक दाबून पाहिली. किक नुसती खाली गेली, वजनच नाही. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी तीच किक चांगली जड लागली. मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सर्वात वर आल्याची) जुळवली, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घातला. एक्झॉस्टच्या बाजूला सर्वात पातळ पट्टीही आत शिरेना. आधी कुठल्या तरी गॅरेजात त्याने आवाज काढून घेतला होता. फट पुस्तिकेप्रमाणे ठेवली, गाडी तापेपर्यंत फिरवून आणली, बंद केली, पुन्हा सुरू केली. अर्धी किक. तरी तो म्हणालाच, "मिस्त्री, पण आता आवाज येतो." मी म्हटलं, "येऊ दे. तो आवाज तुझा व्हॉल्व्ह वाचवतो आहे."

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करायचे. मी गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून घेतो. "अर्ध्या तासात करून द्या" म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. कोणी न आवळताही सीट झिजून ही फट हळूहळू कमी होत जाते, म्हणजे आवाज नाही म्हणून तपासणी टाळू नये. बुलेटच्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप सांभाळणारे टॅपेट असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

पावसाळ्यात टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिक

जून लागला की हे सुरू होतं. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली पिशवीचा तुकडा दाबून बसवतात. टाकीला श्वास घ्यायला झाकणात बारीक भोक असतं, तेच त्याने बुजतं. पेट्रोल खाली जातं, त्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचं थांबतं. थांबलं की हळूहळू हवा शिरते, गाडी सुरू होते, एखादा किलोमीटर जाते, पुन्हा बंद. मालकाची खात्री पटलेली असते की गाडी गरम होते आहे. डिचोली-साखळीकडची तांबडी धूळ आणि टाकीला चोपडलेलं पॉलिशही तेच भोक बुजवतं.

तपासायला हत्यार लागत नाही. गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला. झाकण पेट्रोलने धुऊन हवेने साफ करा. पाणी खरोखर आत जात असेल तर झाकणाचं रबर बदला, आणि झाकणाभोवतीचं पाणी खाली नेणारी नळी असेल तर ती मोकळी करा. प्लास्टिक नको.

बाकीच्या चुका

गरम गाडीला चोक देणं. तिला चोक लागतच नाही. दिला की प्लग ओला होतो. मग चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि किक मारा. चोक न देताही प्रत्येक वेळी पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळते आहे.

बंद पडते म्हणून स्क्रू फिरवून रेस वाढवणं. याने दोष फक्त झाकला जातो.

गरम इंजिनावर पाणी ओतणं. कृपा करून करू नका.

गरम हेडमधून घाईने प्लग काढणं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे जातात. ठिणगी बघायला तो काढायची गरज नाही. मी डिकीत एक चांगला प्लग ठेवतो. कॅप काढून तो तिला लावायचा, धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. गळणारं पेट्रोल जवळ नाही ना, ते आधी पाहायचं. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर येते, तर कॉइल, पल्सर (ठिणगीचा इशारा देणारी छोटी कॉइल) किंवा सीडीआय. तांब्याची वायर आत तुटत आली असेल तर तापल्यावरच सांधा सोडते, त्यामुळे थंडपणी मीटर लावून काही कळत नाही.

रस्त्याकडेच्या बाटलीतलं पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. कधी भरलेली ती बाटली, कुणास ठाऊक.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे सेन्सर बघून पेट्रोल मोजून फवारणाऱ्या. त्यांत कार्ब्युरेटरचे उपाय चालत नाहीत. तापमानाचा सेन्सर बिघडला तर गरम इंजिनालाही थंड समजून जास्त पेट्रोल दिलं जातं. बॅटरी दमलेली असली तर गाडीतला पेट्रोलचा पंप नीट दाब धरत नाही. किल्ली फिरवल्यावर पंपाची गुणगुण थांबेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. नवशिके तेवढे दोन सेकंदही देत नाहीत. आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर बॅटरीची वायर काढून तो घालवू नका. आधी गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या, मग काय ते बदला.