फॉर्म भरताना ईमेल आयडी आणि युजरनेम कसं ठरवावं

कराडला आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोलीस भरती, नर्सिंगचा प्रवेश, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, सगळं होतं. काम कुठलंही असो, आधी ईमेल आयडी लागतो. नवीन काढायचा म्हटलं की बहुतेक जण म्हणतात, "ताई, टाका काहीतरी." मी टाकत नाही. पाच मिनिटं बसवून घेते आणि नाव त्यांच्याच तोंडून काढते, कारण पुढची दहा वर्षं ते नाव त्यांनाच सगळीकडे सांगायचंय.

सुरुवात स्पेलिंगपासून करा. आपली नावं रोमन लिपीत गेली की त्यांना चार वाटा फुटतात. ज्ञानेश्वर कुणी डी-एन-वायनं लिहितं, कुणी जी-वायनं. वैशालीचा व व्हीचा की डब्ल्यूचा? शीतलला दोन ई की एक आय? दहावीच्या सर्टिफिकेटवर जे स्पेलिंग आहे तेच आयडीत घ्या, दुसरं कितीही छान दिसलं तरी. नोकरीच्या कागदांवर एक आणि मेलवर भलतंच, असं असलं की पडताळणीला बसलेला माणूस तिथंच थांबतो.

मग मोठ्यानं सांगून बघा. मी गिऱ्हाइकाला दारापाशी उभं करते, स्वतः टेबलाशी बसते आणि ते सांगतील तसं कागदावर लिहिते. बाहेर एसटीचे हॉर्न चालू असतातच, फोनवरही असंच असतं. एकदा सांगून कागदावर बरोबर उतरलं तर नाव पास. अंडरस्कोर आला की हमखास अडतं: हे म्हणतात "खालची रेघ", ऐकणारा मधली आडवी रेघ मारतो. शून्य आणि ओ, एक आकडा आणि एल, ही जोडी तर आयडीत नकोच. एका मुलीच्या आयडीच्या शेवटी शून्य होतं, कुणीतरी ते ओ म्हणून टाइप केलं आणि मुलाखतीचा मेल तिला आलाच नाही. मुलगी हुशार होती. मला ते अजून लागतं.

सगळीकडे एकच नाव हवं असेल तर फक्त अक्षरं आणि लागलाच तर एखादा आकडा, असं ठेवा. जीमेलला अंडरस्कोर चालत नाही, एक्सला (पूर्वीचं ट्विटर) टिंब चालत नाही. जीमेलला किमान 6 अक्षरं लागतात, एक्सवर 15 च्या वर जाता येत नाही, इन्स्टाग्रामला 30 पर्यंत चालतं. म्हणजे 6 ते 15 मध्ये बसवलं की तिन्हीकडे बसलं. जीमेल टिंबं मोजतच नाही, त्यामुळे मध्ये टिंब घालून नाव वेगळं होत नाही.

"हे नाव आधीच घेतलंय" असं आलं की लोक घाईनं जन्मसाल जोडतात. ते करू नका. जन्मसाल, जन्मतारीख, मोबाइल नंबर यातलं काहीही आयडीत नको. फसवणूक करणाऱ्याला निम्मी माहिती आपणच देऊन बसतो. गाडीच्या पासिंगचा, म्हणजे एमएच-50 मधला, 50 आमच्याकडच्या पोरांना फार आवडतो. इन्स्टाग्रामला तो शोभतो, अर्जाला नको. सागर जाधव नावाचे आमच्या तालुक्यातच किती निघतील! पण आपल्याकडे नावात वडिलांचं नाव असतंच, त्याचं आद्याक्षर मध्ये घाला. तरी मिळालं नाही तर पुढं गावाचं नाव लावा.

लग्नाआधीच्या मुलींना मी आडनाव घालायला सांगत नाही. पुढं आडनाव बदललं तर बँक, पॅन, कॉलेज सगळीकडे जुनाच आयडी दिलेला असतो. स्वतःचं नाव आणि आईच्या किंवा वडिलांच्या नावातलं काही, एवढं पुरतं. ते कायम आपलंच राहतं.

कविता टाकायच्या आहेत, रील करायच्यात, पण घरच्यांना इतक्यात कळू द्यायचं नाही, असंही कुणी कुणी हळूच सांगतं. त्यांना मी वेगळं खातं आणि टोपणनाव सुचवते. वि. वा. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून कुसुमाग्रज घेतलं. आजीचं नाव, शेताचं नाव, दारातलं झाड, यातून असं नाव निघतं, आणि ते दुसऱ्या कुणी घेतलेलं सहसा नसतं. फक्त त्या खात्याला अर्जाचा ईमेल जोडू नका.

मसाले, पापड, शिवणकाम करणाऱ्या बायकांनी स्वतःच्या नावाचा हट्ट धरू नये. माल आणि गाव आधी, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. पण आज मसाला आहे, उद्या लोणचंही येईल, म्हणून एकाच पदार्थात नाव अडकवू नका.

नाव मिळालं की ते त्याच क्षणी वहीत मोठ्या अक्षरात लिहा, पासवर्ड दुसऱ्या जागी. रिकव्हरीला, म्हणजे अडकलेलं खातं परत उघडायला, घरातल्या माणसाचा चालू असलेला नंबर द्या. भावाचं जुनं सिम बंद पडतं आणि खातं उघडत नाही. आणि नाव आवडलं नाही म्हणून जीमेलचं खातं डिलीट करून पुन्हा तेच काढू म्हणाल, तर ते जमत नाही. डिलीट केलेल्या पत्त्यावर नवीन खातं कुणालाच काढता येत नाही, मूळ मालकालाही नाही.