जुनी दांड्याची सायकल रोजच्या कामाला लावायची असेल तर

काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची चाकांची, तारेऐवजी लोखंडी रॉडने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची सायकल. हर्क्युलिस, रॅले, ॲटलास, नाव कुठलंही असो, ती भिंतीला टेकवून फोटो काढण्यापुरती नसते. शहरात रोज ऑफिसला जायला आजही चालते. फक्त घेताना रंगापेक्षा सांगाडा बघा आणि पैसे आधी ब्रेक-टायरवर खर्च करा.

शोध कुठे घ्यायचा? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहेच. पण चांगल्या सायकली बहुधा वाड्याच्या जिन्याखाली धूळ खात असतात आणि कुणाच्या ते पेठेतल्या सायकलवाल्याला ठाऊक असतं. त्याच्याकडे आधी शब्द टाकून ठेवा. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे एक चक्कर मारा. मूळचे रॉड, चेनकव्हर डोळ्यांखालून गेले की समोरच्या सायकलीत काय गायब आहे ते लगेच कळतं.

विकणारा ‘इंग्लंडची रॅले’ म्हणून भाव चढवतो. त्यातल्या बऱ्याच आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातल्या असतात. रोजच्या वापराला त्याने काही बिघडत नाही, मग जास्तीचे पैसे कशाला? मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्यात, स्टर्मी-आर्चर कंपनीचे तीन गिअर असतील तर मात्र हबवरचे आकडे वाचा. ‘62 3’ म्हणजे 1962 सालचा मार्च. असा हब फिरता असेल तर थोडी घासाघीस सोडून द्यायला हरकत नाही.

आता तपासणी. दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभं राहिल्यावर पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. बावीस आणि चोवीस इंची फ्रेममध्ये इथेच निवड होते. मग हँडलच्या मागे, जिथे वरचा दांडा आणि खालची नळी येऊन मिळतात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. लाटेसारखा उंचवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे, ती सोडा. बाजूने पाहून पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) मागे ढकलल्यासारखा दिसतो का तेही बघा. सीटची दांडी वर-खाली होते ना? वर्षानुवर्षं गंजून बसलेली दांडी काढताना मेकॅनिकही हात टेकतात. वरवरचा गंज चालेल. ताज्या रंगाची सायकल मी तरी टाळतो, कारण रंगाखाली झाळून केलेली दुरुस्ती आणि पोचे दोन्ही लपतात.

घरी आणल्यावर पूर्ण ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून साफसफाई आणि तेलपाणी. बेअरिंगचे छर्रे सगळे नवे घाला, त्यात कंजुषी नको. चेन मोजा: बारा इंचांत बरोबर चोवीस कड्या बसतात, त्याच चोवीस कड्या बारा इंचांपेक्षा एक अष्टमांश (1/8) इंचाने लांबल्या असतील तर ती बदला. अठ्ठावीस बाय दीडचे टायर आजही सहज मिळतात, कारण त्या मापाच्या नव्या सायकली अजून बनतात. हलकी सव्वीस इंची रॅले असेल तर टायरवर 590 हा रिमच्या मापाचा आकडा पाहूनच घ्या. जाड टायरच्या सव्वीस इंची सायकलींना 559 लागतो, तो हिला बसणार नाही.

खरी अडचण ब्रेकची. रॉडचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला रबर खेचतो आणि रिम असते स्टीलची. कोरड्या रस्त्यावर काम भागतं. पावसात भिजलेल्या रिमवर रबर घसरतं आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. म्हणून आधी चाकाचा आऊट (डगमग) काढून घ्या, रबरं नवी घाला, रॉडचे सांधे मोकळे करून तेल द्या. चेन ताणायला मागचं चाक सरकवलं की मागच्या ब्रेकची पट्टीही नव्याने जुळवावी लागते. अनेकदा हे राहून जातं आणि ब्रेक एका बाजूनेच लागतो. पावसाळ्यात सिग्नलच्या बरंच आधी हलका ब्रेक दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग जोर लावायचा. मुसळधार पावसात उताराचा रस्ता असेल तर सरळ बसने जा.

वजन वीस किलोच्या आसपास, त्यामुळे चढावर दम निघतो. मागचं फ्रीव्हील अठरा दात्यांचं असेल तर वीस किंवा बावीसचं बसवून घ्या, गरज पडल्यास चेन थोडी वाढवा. वेग जरा कमी होतो, पण गर्दीत तो असाही मिळत नाही.

चेनकव्हर आणि मडगार्ड काढू नका. पँट आणि पाठ दोन्ही त्यांच्यामुळे वाचतात. डायनामो असेल तर छानच, पण सायकल थांबली की तो विझतो, म्हणून मागे बॅटरीचा लाल दिवा हवाच. कुलूप चाकातून आणि फ्रेममधून जाईल असं घ्या.

पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या ॲक्सलला पक्का धरणाऱ्या कॉटर पिन नव्या घातल्या असतील तर पहिल्या आठवड्यानंतर त्यांचे नट पुन्हा आवळा. नवी पिन थोडी चालवल्यावरच जागेवर बसते. पायडलमागे टक-टक आवाज आला तर त्याच दिवशी दुकानात न्या. ढिल्या कॉटरवर चालवत राहिलात तर क्रँकचं भोक मोठं होतं, आणि मग पिन बदलून भागत नाही, क्रँकच नवा शोधावा लागतो.