रोज चालूनही पायांत जोर नाही? साठीनंतरच्या या चुका टाळा

माझी आई रोज सकाळी पाऊण तास चालायची. तरी एका रात्री बाथरूमला जाताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. एवढं चालणारं माणूस पडलंच कसं, हे आम्हाला कळेना.

चालण्याने हृदय आणि साखर सांभाळली जाते, ते सोडू नकाच. पण मांड्यांची ताकद आणि तोल त्याने फारसा वाढत नाही, आणि साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढे आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारख्या हालचालीबरोबर दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते.

घरीच बघा. खुर्चीत बसून हात छातीशी बांधा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि बायकांना ११ वेळाही जमलं नाही, तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. उपायही तीच उठबस, रोज थोडी थोडी. जोडीला ओट्याला धरून टाचा उचला. एका पायावर उभं राहताना मात्र जवळ कुणीतरी हवंच.

दुसरी चूक ताटातली. ‘वय झालं, हलकंच खावं’ म्हणून रात्री चहा-खारी. साठ किलो वजनाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरणात मिळतात जेमतेम सहा-सात, एका अंड्यात सहा. म्हणजे प्रत्येक जेवणात उसळ, पिठलं, दही, मासे यांतलं काहीतरी हवं. चावत नसेल तर मुगाचं धिरडं करा, आणि कवळी नीट बसवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

रात्री उठायला नको म्हणून आई दिवसभर पाणीच कमी प्यायची. वयाबरोबर तहान मंदावते. अंगातलं पाणी घटलं की उठताना रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर कमी करा (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर सांगतील तेवढंच). जाग आल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. तरीही गरगरत असेल तर रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मनाने बंद करू नका.

आई दवाखान्यातून यायच्या आधी आम्ही बाथरूमच्या दारातलं सुटं पायपुसणं काढलं, भिंतीला धरायला दांडा बसवला. पॅसेजमधला छोटा दिवा आता रात्रभर चालू असतो.