एप्रनवर गाडी चालवताना या चुका टाळा

पनवेल-उरणपासून वेंगुर्ले-पेडण्यापर्यंतची बरीच मुलं आता नवी मुंबई, चिपी, मोपा या विमानतळांवर रॅम्पच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या एप्रनवरच्या, कामाला लागली आहेत. टेम्पो, डंपर चालवून हात बसलेला असतो. पण रस्त्यावर कामी येणाऱ्या काही सवयी एप्रनवर नडतात. तिथे हॉर्न वाजवून वाट मिळत नाही; चालत्या विमानाला नेहमी आधी वाट द्यायची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो विमानाला गाडी लावताना. सरळ येऊन दाराशी ब्रेक मारायचा नाही. अलीकडेच गाडी पूर्ण थांबवा, ब्रेक नीट लागतो का बघा, मग चालण्याच्या वेगाने, खालून इशारा करणाऱ्या माणसाकडे बघत पुढे जा. तो माणूस दिसेनासा झाला की तिथल्या तिथे थांबा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे दुप्पट कडकपणे पाळायला हवं. ओल्या बुटाचा तळ पेडलवरून सटकतो. रेनकोटची टोपी डोळ्यांच्या कडा झाकते, त्यामुळे पंखाचं टोक दिसत नाही. गाडीत बसलात की टोपी मागे टाका आणि बुटांचे तळ पुसा. पंखाच्या टोकाखाली खुणेसाठी ठेवलेले प्लास्टिकचे कोन वाऱ्याने आडवे होतात, म्हणून कोन दिसला नाही तर पंख संपला असं धरू नका.

विमान थांबलं म्हणजे काम सुरू, हीसुद्धा चूकच. विमानाचा लुकलुकणारा लाल दिवा (बीकन) बंद झाला, चाकांना चॉक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागले आणि इशारा मिळाला, तरच पुढे. एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाजवळ तर जास्तच जपा. फिरता पंखा पावसाळी उजेडात जवळजवळ दिसतच नाही. काही वेळा उजवीकडचा पंखा ब्रेक लावून थांबवलेला असतो, पण इंजिन चालूच असतं.

गाडी मागे घेताना इशारा करणारा माणूस हवाच, आरसे कितीही मोठे असोत. शिडी किंवा कॅटरिंगची पेटी वर उचललेली असताना गाडी हलवू नका.

धावपट्टीची गोष्ट वेगळी. टॉवरची, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कक्षाची, परवानगी नीट ऐकून ती परत म्हणून दाखवल्याशिवाय चाक आत जाता कामा नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये पेरूतल्या लिमा विमानतळावर उड्डाणासाठी वेगात धावणारं विमान धावपट्टीवर आलेल्या अग्निशमन गाडीवर आदळलं. गाडीतल्या जवानांचे जीव गेले. आपल्या पुण्यात फेब्रुवारी २०२० मध्ये धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसल्याने वैमानिकाने विमान वेळेआधी उचललं. विमान दिल्लीला सुखरूप उतरलं, पण त्याच्या मागच्या भागाला इजा झाली होती.

झोपेचंही तेवढंच गांभीर्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये बंगळुरूत एक टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या विमानावर जाऊन आदळला. चालकाला डुलकी लागल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. लागोपाठ रात्रपाळ्या झाल्या असतील आणि डोळे मिटत असतील, तर सुपरवायझरला तोंडावर सांगा. सुपरवायझरनेही त्यासाठी कुणाचा पगार कापू नये.

पण माझ्या मते सगळ्यात घातक चूक धडकेनंतर होते: घासल्याचं लपवणं. "रंगच तर गेलाय," असं म्हणून पुसून टाकतात. विमान वर गेलं की केबिनमध्ये हवेचा दाब असतो, आणि पत्र्याला पडलेली छोटी खोकसुद्धा त्या दाबाखाली धोक्याची ठरू शकते. बोइंग ७८७, एअरबस ए३५० अशा विमानांची अंगं कार्बन फायबरची. त्यांत वरून काहीच दिसत नसताना आतले थर सुटलेले असू शकतात. ते तपासणं इंजिनिअरचं काम आहे, आपलं नव्हे.

गाडी विमानाला टेकली असं नुसतं वाटलं तरी ती तिथेच बंद करा. मागे ओढू नका, त्याने चीर वाढू शकते. हात वर करून काम थांबवा, इंजिनिअर आणि सुपरवायझरला बोलवा, वैमानिकाला कळलंय याची खात्री करा. उड्डाणाला उशीर होईल, प्रवासी बोलतील. होऊ द्या.